यादीतलं चौथं यंत्र

लाखनी, १७ नोव्हेंबर २०२४

कैलाश,

या दोन हातांनी काय काय बनवलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचं पत्र वाचून राहिला हे तुझ्या ध्यानात राहील.

१. धान उफणायचा पंखा, पायाने चालणारा. सायकलची चेन, बावीस दात्यांचं चाक. साल १९९२.

२. मळणी यंत्र, पाच हॉर्सपॉवरचं. सव्वीस नग. एकही परत आलं नाही.

३. तीन जाळ्यांची हलती चाळणी. खडा वेगळा, कनकी वेगळी, अख्खा तांदूळ वेगळा.

४. चिन्नोर धान सडायचं हलर. साल २०१२. चिन्नोरचा दाणा बारीक. साध्या हलरमध्ये शंभरातले चाळीस तुटून कनकी होतात. माझ्या हलरमध्ये अकरा. मोजून सांगतो. एकोणीस नग.

५. शाळेचं लोखंडी फाटक. ते यंत्र नव्हे, पण त्याची बिजागरी अठ्ठावीस वर्षांत एकदाही कुरकुरली नाही, म्हणून यादीत घेतलं.

हे सगळं सातवी पास माणसाने केलं. आयटीआय मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं आहे. व्हर्नियर कॅलिपर वाचायला भंगारातल्या एका पुस्तकातल्या चित्रावरून शिकलो. तू शेजारीच बसला होतास.

अकरा वर्षांनी लिहितो आहे, त्याला कारण काम आहे. दुसरं काही समजू नकोस.

नागपूरकडची एक कंपनी लहान राइस मिल बनवते. तिचे मधुकरराव म्हणून साहेब ९ तारखेला दुकानात आले. गेल्या सालचं चिन्नोरचं धान टाकून त्यांनी हलर चालवून पाहिलं. पांढरा शर्ट घालून आले होते, कोंड्याने पिवळे होऊन उभे राहिले.

‘‘टिकारामजी, हे तुम्ही कुठं शिकलात?’’

मी म्हणालो, ‘‘शिकलो असतो तर बनवलं नसतं. शिकलेल्यांनी सांगितलं असतं, असं होत नाही.’’

ते हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं आहे.

त्यांना मी हवा आहे. त्यांच्या कारखान्यात मुख्य कारागीर म्हणून. हातात वेल्डिंगचा दांडा धरायचा नाही, दुसऱ्यांनी धरलेला बघायचा. रक्कम लिहीत नाही. लिहिली तर तुला वाटेल दादा फुशारकी मारतो.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, सही करा. काल मला आरशासमोर उभं करून म्हणाली, ‘‘डोळे पाहा आपले. टमाटे झाले हायेत. बसून सांगाचं काम भेटून राहिलं, तर घ्या ना! अजून कोणाले दाखवाचं राहिलं?’’ ती चुकीचं बोलत नाही. उड्डाणपूल झाल्यापासून ट्रक डोक्यावरून निघून जातात आणि खाली आपलं दुकान कोणाला दिसत नाही. यंदा दोनच मळणी यंत्रं गेली.

पण कान शाबूत आहेत. गेल्या हंगामात लाखांदूरहून शकुबाईचा फोन आला, मिलचा आवाज बदलला म्हणून. गेलो, खोललं, तर बेअरिंगच्या दोन गोळ्या खलास. आणखी आठ दिवस चाललं असतं तर शाफ्टच गेला असता. त्या म्हातारीला समोरून हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, पण माझ्या यंत्राचा आवाज बदललेला तिला कळतो. यंत्र असं बनवावं लागतं.

आता कामाचं. कंपनीला मूळ वह्या आणि नकाशे पाहिजेत. निळ्या पुठ्ठ्याची वही तू जाताना घेऊन गेलास. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. आता ती लागते. रजिस्टरने पाठव, पैसे मी देईन. सही ५ डिसेंबरला करायची आहे, त्याआधी.

टिकाराम


लाखनी, २४ नोव्हेंबर २०२४

कैलाश,

वही आली नाही. उत्तरही नाही. सिहोऱ्याचं पोस्ट अजून चालू आहे हे मी इथल्या पोस्टमनला विचारून घेतलं.

करारनामा अकरा पानांचा, इंग्रजीत. दामिनीने वाचून दाखवला. तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची ती आता वकिलीचं शिकते आणि मलाच कलमं समजावते. सात पानं तिने भराभर वाचली, आठव्यावर थांबली.

‘‘बाबा, कलम चौदा ध्यान देऊन ऐका. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पाच जिल्ह्यांत धानाचं कोणतंही यंत्र बनवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं नाही.’’

‘‘दुरुस्त पण नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मीच बनवलेलं असंल तरी?’’

‘‘तेच तर लिहिलं हाये.’’

पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं. कलम बदललं नाही.

तुला माहीत आहे, माझ्या हातच्या प्रत्येक हलरवर हंगामाचं पहिलं धान मीच टाकतो. ओंजळभर धान, मग खालून ओंजळभर तांदूळ, आणि त्यातले शंभर दाणे काळ्या फडक्यावर मोजायचे. मालक मला एक पायली तांदूळ देतो. नव्या चिन्नोरचा भात मी तोवर घरी शिजवू देत नाही. एकोणीस गावं या एका मुठीसाठी माझी वाट पाहतात. नोकरी सोडली, की तीन वर्षं त्या गावांत पाहुणा म्हणून जायचं आणि यंत्र खडखडत असलं तरी खाली मान घालून चहा प्यायचा!

मधुकररावांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘अहो टिकारामजी, ही नुसती रीत आहे. सगळेच सह्या करतात. तुमच्या गावात बघायला कोण येणार आहे?’’

‘‘कोणी पाहणार नसेल तर लिहिता कशाला?’’

‘‘वरच्यांना लागतं.’’

‘‘मग वरच्यांनाच सही करायला सांगा.’’

त्यांनी फोन ठेवला नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, विचार करा, पाच तारखेला मी स्वतः येतो.

दामिनीचं वेगळंच. तिने कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. म्हणे नोकरी संपल्यावरची अशी अट कोर्टात टिकत नाही. ‘‘करा सही बाबा. पैसे घ्या, दोन वर्षं काढा, अन् सोडून या. कोण काय करते?’’

मी म्हणालो, ‘‘टिकत नाही, तर करू कायले? खोटं नाणं चालवल्यासारखं? माझी सही माझ्या वेल्डिंगसारखी हाये. एकदा लावली का सुटत नाही.’’

‘‘मग नका करू!’’

‘‘अन् तुयी आई?’’

वहिनीचा आवाज आतून आला, ‘‘आईचं नाव मध्ये आणू नका. आईनं डोळ्यांचं सांगितलं, कलमांचं नाही.’’

तर असं चाललं आहे. एक सोळावं कलमही आहे, ते आता लिहीत नाही.

‘बनवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, शिकवायचं नाही’ या तीन गोष्टी वाचून तुला काय आठवेल ते मला माहीत आहे. ती गोष्ट वेगळी होती. ते घरातलं होतं. कंपनीचं आणि घराचं एका मापाने मोजू नकोस.

वही पाठव.

टिकाराम


लाखनी, ३० नोव्हेंबर २०२४

कैलाश,

तुझं पोस्टकार्ड बुधवारी आलं. एक ओळ. ‘सही कर दादा. मी केलीच होती ना.’

पोस्टकार्ड उघडं असतं हे तुला चांगलं माहीत आहे. पोस्टमनकडून तुझ्या वहिनीने घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि ते हातात धरूनच दुकानात आली. ग्राइंडर चालू होता. तिने बटण बंद केलं.

‘‘कोणती सही?’’

अकरा वर्षं मी तिला आणि गावाला हेच सांगत आलो, की कैलाशला वाटा पाहिजे होता, दिला नाही म्हणून तो रुसून सिहोऱ्याला गेला. तू एकदाही येऊन ते खोडलं नाहीस. मला वाटायचं तुला तोंड दाखवायची हिंमत नाही. आता वाटतं, तू तोंड उघडलं असतंस तर मी गावात कुठे उभा राहिलो असतो?

पेटीतून स्टॅम्प पेपर काढला. शंभर रुपयांचा, १४ मार्च २०१३. दामिनीने मोठ्याने वाचला. ‘मी, कैलाश, लिहून देतो की लाखनी, साकोली, लाखांदूर व तुमसर तालुक्यांत धानाचं कोणतंही यंत्र बनवणार नाही, दुरुस्त करणार नाही, दुसऱ्यास शिकवणार नाही.’

‘‘बाबा, हे तर कलम चौदाच हाये.’’

मी पेटीचं झाकण लावून घेतलं.

तिने कागद उलटून पाहिला, मागची बाजू पाहिली. ‘‘अन् मुदत कुठं हाये?’’

मुदत नाही. मी घातलीच नव्हती. कंपनी तीन वर्षं मागते. तहसीलसमोरच्या लिहिणाऱ्याने तेव्हा मला विचारलं होतं, ‘‘किती वर्षं लिहू?’’ मी म्हणालो होतो, ‘‘कायले लिहाचं? सोडून द्या.’’ तू तेव्हा बाजूच्या टपरीवर होतास. नंतर येऊन न वाचता सही केलीस. म्हणालास, ‘‘दादानं पाहिलं ना? मग झालं.’’

वहिनी एवढंच म्हणाली, ‘‘अन् तुमाले कलम चौदाचा राग येऊन राहिला होता!’’ आणि ग्राइंडरचं बटण पुन्हा चालू करून निघून गेली.

काल लाखांदूरला गेलो. शकुबाईच्या मिलवर नवं चिन्नोर आलं होतं. सकाळची एसटी, उभं राहून प्रवास. पहिली ओंजळ टाकली, तांदूळ घेतला, फडकं अंथरून दाणे मोजले. दहा तुटलेले. दरवर्षीपेक्षा एक कमी. म्हातारीला ऐकू यावं म्हणून मी ओरडून सांगितलं, ‘‘दहा!’’

ती म्हणाली, ‘‘असंलच. गेल्या साली बेअरिंग येळेवर बदललं ना गा.’’

‘‘तुम्हीच फोन केला होता. आवाज तुम्ही ओळखला.’’

‘‘मी?’’ ती हसायला लागली. ‘‘मले फटाका ऐकू येत नाही, टिकाराम! तुया भाऊ आला होता. माया जावयाच्या सिमेंटचा हिशोब घेऊन. फाटकाच्या बाहेरच उभा राहिला. म्या म्हटलं, आत ये बाप्पा, चहा घे. तर नाही म्हणे. बाहेरूनच कान देऊन आयकला. मंग म्हणे, आत्या, बेअरिंग बोलून राहिलं, दादाले फोन करा. अन् मायं नाव सांगू नका.’’

‘‘आत कायले नाही आला?’’

‘‘म्या पण तेच इचारलं. म्हणे, मले परवानगी नाही.’’

कैलाश, मी तिथे पायलीभर तांदूळ मांडीवर घेऊन बसलो होतो. एसटी आली आणि गेली. पुढच्या एसटीने आलो.

तुझा कागदही कोर्टात टिकला नसता, असं दामिनी म्हणते. एका दिवसात उडाला असता. तू तो टिकवलास. तुमसर तालुक्यातलं सिहोरा, चहूकडे धान, घरापुढून ट्रॅक्टर जातात, आणि तू डेपोत सिमेंटची पोती मोजत बसलास.

आता सोळावं कलम लिहितो. त्यात लिहिलं आहे, की चिन्नोरचं हलर हे माझ्या एकट्याच्या डोक्यातून आणि हातातून निघालं, दुसऱ्या कोणाचा त्यात भाग नाही, असं मी शपथेवर सांगतो.

ढाचा माझा. रोलर माझा, शाफ्ट माझा, जाळीची तिरपी भोकं माझी. तेवढ्यावर, रोलरसमोरच्या घट्ट लोखंडी पट्टीवर घासून, शंभरातले एकोणतीस तुटत होते आणि मी पाच महिने डोकं आपटत होतो. तू ओसरीत बसून आईला कांडताना पाहत होतास. बाकी धान ती मुसळाच्या लोखंडी कड्याने कांडायची, आणि चिन्नोर आलं की कडं काढून ठेवायची, नुसत्या लाकडाने कांडायची. आपण दोघांनी ते जन्मभर पाहिलं. तुला त्या दिवशी दिसलं. तू आत येऊन म्हणालास, ‘‘दादा, पट्टी एवढी घट्ट काहून? आई कडं काढते पाहा. पट्टीच्या मागं टायरचा तुकडा देऊन पाहू. दाणा आला का जराशी लवली पायजे.’’ मी म्हणालो, ‘‘तू गप बस.’’ तू गप्प बसलास आणि संध्याकाळपर्यंत टायर कापून आणलंस.

एकोणतीसचे अकरा त्या टायरने केले.

मग गिऱ्हाईकं विचारायला लागली, ‘‘लहान भाऊ हाये काय? त्यालेच बोलवा.’’ आणि तू म्हणालास की तुमसर रोडवर दुकान टाकतो. मला भीती वाटली. हा शब्द मी आजपर्यंत कोणत्याही यंत्राबद्दल वापरलेला नाही.

वही मागितली तेव्हा कंपनीला पाहिजे म्हणून लिहिलं होतं. ते अर्धं खरं. त्या वहीत सतराव्या पानावर पट्टीचं चित्र तुझ्या हातचं, तुझ्या अक्षरात आहे. ते पान दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून मला वही पाहिजे होती. पाठवू नकोस. जपून ठेव.

टिकाराम


लाखनी, ५ डिसेंबर २०२४

कैलाश,

मधुकरराव आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आले. पेन स्वतःचा आणला होता. वहिनीने चहा दिला. मी करारनामा त्यांच्यासमोर ठेवला, बिनसहीचा.

‘‘टिकारामजी, तीन वर्षांचीच तर गोष्ट आहे.’’

‘‘तीन वर्षं तुम्ही लिहिली. मी अकरा वर्षं करून पाहिलं आहे, दुसऱ्याच्या हातांनी. माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे.’’

त्यांना समजलं नाही. समजावं म्हणून बोललो नव्हतो.

‘‘कलम चौदा काढलं तर?’’ ते म्हणाले. माणूस वाईट नाही. ‘‘वर बोलून पाहतो. पण सोळा तर राहील. यंत्र कोणाचं हे आम्हाला कागदावर पाहिजेच.’’

‘‘सोळा खोटं आहे.’’

‘‘म्हणजे यंत्र तुमचं नाही?’’

‘‘पट्टी माझ्या भावाची आहे. पट्टी काढली तर उरते ती चाळीस किलोची लोखंडी पेटी.’’

‘‘मग भावाची पण सही घेऊ या की! त्यांना वेगळे पैसे देऊ.’’

मी म्हणालो, ‘‘माझ्या भावाच्या सह्या संपल्या. एकच होती, ती मी घेतली.’’

पेन त्यांनी खिशात ठेवला. जाताना हलरवर हात ठेवून म्हणाले, एवढं यंत्र आणि एवढं डोकं असून तुम्ही पुलाखाली बसणार. मी म्हणालो, पुलाखाली सावली असते.

गाडी वळेपर्यंत वहिनी दारात होती. मला वाटलं आता बोलेल. बोललीच. ‘‘तुमचे डोळे जातील तेव्हा वेल्डिंग कोण करंल?’’ आणि मी तोंड उघडायच्या आत, ‘‘कैलाश भाऊजीले बोलवा. अन् बोलवाल तर आपल्या तोंडानं बोलवा, पोस्टकार्डावर नको.’’

म्हणून हे पाकीट. सोबत तो स्टॅम्प पेपर आहे. दामिनीच्या सांगण्यावरून आडवं ‘रद्द’ लिहून खाली सही केली, तारीख टाकली. फाडला मात्र नाही. तो मी नुसता पेटीत ठेवला, पाळला तू. फाडायचा हक्क तुझा.

माफीचा शब्द या ओळीच्या वरच्या जागेत तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. कागदाला भोक पडलं आहे, पाहा. ते भोक तसंच ठेवलं.

यादी दुरुस्त करतो. चौथ्या क्रमांकापुरते ‘या दोन हातांनी’ हे शब्द काढ. चार हात लिही. बाकीच्या चारांना मी हात लावू देत नाही, ती माझीच आहेत, शाळेचं फाटक धरून.

विसाव्या हलरचं काम चालू आहे, सानगडीच्या माणसाचं. ढाचा झाला, रोलर बसवला, जाळी बसवली. पट्टी बसवलेली नाही. जागा मोकळी ठेवली आहे: लांबी साडेनऊ इंच, खोली तीन सूत. टायरचा तुकडा मी कापला तर सुताने कमी-जास्त होतो, हे तुला तेव्हाही माहीत होतं. सिहोऱ्याहून यायला तुमसर, भंडारा करत दोन बस बदलाव्या लागतात. दुकान सकाळी सात वाजता उघडतो.

टिकाराम

ता. क. पहिल्या पत्रात रक्कम लपवली होती. तू सही केलीस त्या दिवशी मी तुला तहसीलसमोर एक चहा आणि एक आलूबोंडा दिला होता, आणि चहाचे पैसे तूच दिलेस. आज मी काय परत पाठवलं ते तुला आकड्यात माहीत असावं. मुख्य कारागिराची जागा, राहायला दोन खोल्या, महिना पासष्ट हजार, आणि सही केल्या दिवशी एकरकमी नऊ लाख रुपये.